लिफ्टने वर जा

“लिफ्टने पहिल्या मजल्यावर जा,” कालिंदीताईंच्या मांडीवरचा फोन म्हणाला.

आवाज माझाच होता. बाहेरची कलाकार कशाला, तुझा आवाज काय वाईट आहे, असं म्हणत कौस्तुभ सरांनी ॲपमधली सगळी मराठी वाक्यं माझ्याकडूनच बोलवून घेतली होती. ऑफिसातल्या पडदे ओढलेल्या खोलीत बसून मी ‘डावीकडे वळा’, ‘सरळ पुढे चला’, ‘आपण योग्य फलाटावर आहात’ असं गोड गोड बोलले होते. अनोळखी माणसाला आपला आवाज वाट दाखवणार म्हणून तेव्हा सुखावलेही होते.

तोच आवाज आता चाकाच्या खुर्चीतल्या एका बाईंना कुलूप लावलेल्या लोखंडी जाळीपुढे आणून सोडून वर जायला सांगत होता.

“ऐकलंस का नीरजा?” ताई म्हणाल्या. “वर जा म्हणतेयस तू.”

“ताई, मी तुम्हाला फोनवर सगळं सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस ना. म्हणून तर आले.”

जाळीमागे लिफ्टचं स्टीलचं दार होतं. त्यावरचं निळं प्लॅस्टिक अजून कुणी सोलून काढलेलं नव्हतं. वरच्या चौकटीला उद्घाटनाचा हार लटकत होता, वाळून चहाच्या चोथ्यासारखा झालेला. आणि मी बनवलेल्या नकाशावर नेमक्या याच जागी हिरवा ठिपका चमकत होता. हिरवा म्हणजे, या, लिफ्ट चालू आहे.

आमच्या शहरात मेट्रो नवी होती आणि गंजपेठ हे तिचं सगळ्यात मोठं स्टेशन. दोन मार्ग तिथे एकमेकांना भेटायचे. जिने, पूल, बोळकांड्या, चहूकडे उघडणारी दारं. माणूस भाजीबाजारात उतरायला निघायचा आणि कोर्टापुढे उगवायचा. म्हणून मेट्रोवाल्यांनी आमच्या छोट्या कंपनीला वाट दाखवणारं ॲप करायला सांगितलं. नाव ठेवलं ‘वाटाड्या’. आराखडा माझा होता. त्या सकाळी गंजपेठेच्या पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये त्याचा लोकार्पण सोहळा होता. मंच, लाल गालिचा, प्रमुख पाहुणे, सगळं यथासांग.

कालिंदी आगाशे मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लहानपणी पोलिओ झालेला. ॲप तयार होत असताना तपासून बघायला आम्ही काही प्रवासी बोलावले, त्यांत त्या पहिल्या. मी मोठ्या अभिमानाने माझा नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. रंग बघा, अक्षरं बघा, बाण बघा. त्यांनी चष्मा वर सरकवून तो शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, “छान आहे. पण लिफ्ट कुठे आहे ते मला डोळ्यांनी दिसतं गं. ती उघडी आहे का, ते सांग.”

मी घरी जाऊन तो ठिपका केला. प्रत्येक लिफ्टपाशी एक ठिपका. जाणाऱ्या-येणाऱ्याने बोट लावून सांगायचं, उघडी की बंद. उघडी असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. अख्ख्या ॲपमध्ये माझा जीव कशात असेल तर त्या ठिपक्यात होता.

चाचणीला सुरुवात झाली आणि नकाशा बघता बघता लाल होऊन गेला. ते पाहून मेट्रोचे जनसंपर्क अधिकारी ठोंबरे साहेब आमच्या ऑफिसात धावत आले.

“हे काय? नकाशाला गोवर आलाय का?”

“साहेब, तेवढ्या लिफ्टना कुलूप आहे,” मी म्हणाले.

“कुलूप आहे म्हणजे बंद आहे असं होत नाही मॅडम. तांत्रिकदृष्ट्या सगळ्या चालू आहेत. पब्लिकच्या हाती दिल्या की थुंकतात, नावं कोरतात, बटणं उपटतात. चांगल्या राहाव्यात म्हणून तर झाकून ठेवतो आम्ही.”

आमच्या घरी चांगल्या कपबशा अशाच कपाटात असायच्या, पाहुण्यांसाठी म्हणून. पाहुणे आले तरी बाहेर यायच्या नाहीत, फुटतील म्हणून. पण कपबशीवाचून कुणाचं पाऊल अडत नाही.

कौस्तुभ सर साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. साहेब गेल्यावर म्हणाले, “नीरजा, ते उघडी-बंद काढून टाक. सगळे ठिपके हिरवे कर.”

“हे खोटं आहे सर.”

“तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही.”

“मग ठिपकेच काढू या. निदान हिरवे तरी नकोत.”

“ठिपके नसले तर लोक विचारतील, का नाहीत म्हणून.”

“मग माझा आवाज काढा. माझ्या तोंडून कुणाला कुलपाकडे पाठवू नका.”

सर हसले. चिडून हसले असते तरी चाललं असतं, पण लहान मुलाची समजूत काढताना हसतात तसे हसले. “अगं, आवाज आता कंपनीचा आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी करणार नाही म्हणाले, तर शेजारच्या टेबलावरच्याकडून त्यांनी ते सगळं करून घेतलं. मी त्याच दिवशी कालिंदीताईंना फोन लावला आणि काही हातचं न राखता सांगितलं. सगळे ठिपके हिरवे केलेत, लिफ्टला कुलूप आहे, तुम्हाला नुसतं मिरवायला बोलावलंय, येऊ नका.

त्यांनी एवढंच विचारलं, “कार्यक्रम कधी आहे म्हणालीस?”

तर अशा त्या आल्या होत्या. ठोंबरे साहेबांचा बेत ठरलेला होता. जिन्याच्या तोंडाशी नारिंगी टी-शर्ट घातलेली चार दणकट मुलं उभी केली होती. त्यांनी बाईंना खुर्चीसकट उचलून वर न्यायचं, बाईंनी मंचावर फोन हातात धरून हसायचं, फोटो काढायचा, संपलं. पण बाई त्या मुलांकडे न बघता ॲप सुरू करून सरळ लिफ्टपाशी जाऊन थांबल्या.

साहेब गडबडीने जिना उतरून आले. मागोमाग कौस्तुभ सर.

“नमस्कार मॅडम! इकडे कुठे? आपली मुलं तयार आहेत. अलगद नेतील, धक्का म्हणून लागणार नाही.”

“नमस्कार. मला उचलू नका,” ताई म्हणाल्या. “ॲप म्हणतंय लिफ्टने वर जा. मी लिफ्टने वर जाते.”

“त्याचं काय आहे, किल्ली स्टेशन मास्तरांकडे असते. ते आज डेपोवर गेलेत.”

“मग बोलवा त्यांना. मी थांबते.”

“अहो, संध्याकाळ होईल!”

“होऊ दे.”

जाळीशेजारी स्टुलावर ढमाले नावाचे सुरक्षारक्षक बसले होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. “काय ढमाले, किल्ली नाहीये ना?”

ढमाले उठून उभे राहिले. “नाहीये साहेब.”

वर पेटीचे सूर ऐकू यायला लागले. कालिंदीताईंनी मान वर केली, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा मला जरा हललेला दिसला.

“आठवीच्या मुली आहेत माझ्या,” त्या मला हळूच म्हणाल्या. “स्वागतगीत म्हणायला आणल्यात. वर्गात मी नुसतं पाहिलं तरी गप्प बसतात. त्यांच्यासमोर ही चार मुलं मला पोत्यासारखी घेऊन गेली, की उद्या फळ्यापुढे कोणत्या तोंडाने जाऊ? माझ्या वर्गात एक पाय ओढत चालणारी मुलगी आहे नीरजा. ती काय बघणार आज? मोठं होऊन आपलंही असंच होणार, हे?”

साहेबांनी ते ऐकलं आणि ते लगेच पुढे सरसावले.

“मॅडम, यात अपमान कसला? आपल्या संस्कृतीत देवालासुद्धा पालखीत घालून उचलून नेतात!”

“देवाला दुसऱ्या दिवशी वर्गावर जायचं नसतं,” ताई म्हणाल्या.

नारिंगी टी-शर्टातला एक मुलगा फिस्सकन हसला आणि साहेबांच्या नजरेने लगेच गंभीर झाला. वरून सूत्रसंचालिका माइकवर ‘थोड्याच वेळात, थोड्याच वेळात’ करत होती. साहेब कौस्तुभ सरांना बाजूला घेऊन कुजबुजले. दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

“नीरजा,” सर लाडीगोडीच्या सुरात म्हणाले, “वर प्रथमोपचाराच्या खोलीत एक व्हीलचेअर आहे. तू बस ना तिच्यात. फोन धरायचा फक्त. कुणाला काय कळतंय?”

आपण जे ऐकलं ते खरंच ऐकलं का, असं मला क्षणभर वाटलं. ज्या बाईंसाठी हे सगळं चाललंय म्हणून गावभर पोस्टर लागली होती, त्या समोर बसलेल्या असताना, त्यांच्या देखत, त्यांच्याऐवजी धडधाकट पायांची मी! दोघांनाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट अडचणीतून वाट काढल्याचं समाधान होतं चेहऱ्यावर.

“बसणार नाही,” मी म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठ्याने आलं. “आवाज घेतलात तेवढा पुरे. आता पाय मागू नका.”

“हा तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे,” सर म्हणाले.

“असू दे.”

कालिंदीताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसता हात मागे करून माझं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

तेवढ्यात जिन्यावरून सूत्रसंचालिका स्वतःच खाली आली. जरीची साडी सावरत, घामेघूम.

“ठोंबरे साहेब, पाहुणे मंचावर आले. दीपप्रज्वलनाला उभे आहेत. समई कुठे आहे?”

“समई? मंचावरच असेल की!”

“नाहीये हो! फुलं आहेत, काडेपेटी आहे, तेल आहे. समईच नाही.”

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. “ढमाले! गेल्या कार्यक्रमाची समई कुठे ठेवली?”

ढमाल्यांनी घसा खाकरला. “लिफ्टमध्ये आहे साहेब.”

“मग बघताय काय? काढा!”

आणि ढमाल्यांनी खिशात हात घातला. अगदी सहज, विडीकाडी काढावी तशी किल्ली काढली आणि कुलपाला लावली.

मी पाहत राहिले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एका जिवंत माणसासाठी जी किल्ली डेपोवर गेली होती, ती एका पितळी समईसाठी खिशातून बाहेर आली.

“होती की तुमच्याकडे!” मी ढमाल्यांवर ओरडले.

“ताई, मी काय करू?” ढमाले कळवळून म्हणाले. “साहेब म्हणाले नाहीये. मग नाहीये.”

जाळी सरकली, दार उघडलं. आत बघावं तर अडगळीची खोली. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळती, सतरंज्यांच्या गुंडाळ्या, कागदी फुलांच्या कमानी, आणि सगळ्यांच्या मागे उभा टेकवलेला फलक, ‘हे स्थानक सर्वांसाठी’. नारिंगी मुलांनी भराभर खुर्च्या-सतरंज्या बाहेर ओढल्या आणि वरच्या हॉलकडे न्यायला सुरुवात केली, कारण वर लोकांना बसायलाही कमी पडत होत्या. तळाशी समई निघाली. पुरुषभर उंचीची, भरीव पितळेची, तुकड्यांत सुटी केलेली. एका मुलाने बैठक उचलून पाहिली आणि पुन्हा खाली ठेवली.

“लई जड आहे साहेब. जिन्याने पडली-बिडली तर?”

“जिन्याने कशाला? लिफ्ट आहे ना!” साहेब खेकसले. “चालू करा लिफ्ट!”

हे बोलताना त्यांना काहीसुद्धा वाटलं नाही. आजही मला त्या वाक्याचं सगळ्यात जास्त नवल वाटतं.

ढमाल्यांनी आत जाऊन बटण फिरवलं. दिवे लागले, पंखा सुरू झाला. आणि साहेब काही म्हणायच्या आत कालिंदीताईंनी चाकांना असा काही रेटा दिला, की त्या थेट लिफ्टच्या मधोमध.

“द्या ती समई माझ्या मांडीवर,” त्या म्हणाल्या. “सांभाळून नेते.”

नाही म्हणायला कुणाला वेळच नव्हता. बैठक त्यांच्या पायांशी ठेवली, बाकीचे तुकडे मांडीवर. तुकडे उचलायला ढमाल्यांना दोन्ही हात लागत होते, म्हणून त्यांनी “ताई, हे जरा धरा” म्हणत कुलूप आणि किल्लीही त्यांच्याच मांडीवर ठेवली. मी आत शिरले. दार मिटलं.

“आता बोल,” ताई फोनला म्हणाल्या. पण फोन गप्प होता. लिफ्ट चालू असताना काय बोलायचं, ते आम्ही घातलंच नव्हतं.

वर दार उघडलं ते मंचाच्या अगदी बाजूला. चाकाच्या खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर झगझगणारी समई. हॉलमध्ये टाळ्यांचा एकच कडकडाट. लोकांना वाटलं, कार्यक्रमच असा बसवलाय. पाहुणे तर हात जोडून उभे राहिले. सूत्रसंचालिकेने श्वासही न घेता जाहीर केलं, “ज्ञानाचा प्रकाश घेऊन येत आहेत आपल्या भगिनी!” जिन्याने धापा टाकत आलेले ठोंबरे साहेब पाहुण्यांच्या कानाशी वाकले, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, “संकल्पना आमचीच, सर.”

किती सफाईने! शरम नावाची वस्तूसुद्धा ह्या लोकांनी कुठेतरी कुलूप लावून ठेवली असावी.

पेटीपाशी मुली दाटीवाटीने उभ्या होत्या. “बाई आल्या, बाई आल्या,” त्यांच्यात कुजबुज झाली. ताईंनी नुसतं पाहिलं आणि सगळ्या गप्प. मग ताई थोडंसं हसल्या. दुसऱ्या रांगेतली एक किडकिडीत मुलगी, एका पायावर भार देऊन उभी, बाईंकडे बघायचं सोडून लिफ्टच्या उघड्या दाराकडे टक लावून बघत होती.

समई जोडली गेली, पेटली. पाहुण्यांनी ताईंनाही एक वात लावायचा आग्रह केला.

“तुमचं चालू द्या,” त्या म्हणाल्या. “मी इथेच दाराशी बसते. मला परत खाली जायचंय.”

पाहुणे हसून मान डोलावून पुढे गेले. त्या काय म्हणाल्या ते मलाही तेव्हा कळलं नाही. भाषणं झाली, पडद्यावर माझा नकाशा झळकला, सगळे ठिपके हिरवेगार. माझ्या आवाजात ‘वाटाड्या आपले स्वागत करत आहे’ असं वाजलं आणि कौस्तुभ सरांनी शाल घेतली. त्यांच्याकडे माझी नोकरी त्यानंतर फार दिवस राहिली नाही. तो आवाज मात्र ॲप बंद पडेपर्यंत लोकांना वर पाठवत राहिला.

पाहुणे गेले, गर्दी पांगली, मुली शिक्षिकांबरोबर रांगेने बाहेर पडल्या. आणि मग नारिंगी मुलं खुर्च्यांच्या चळती उचलून लिफ्टपाशी आली. एक चळत दाराशी टेकवली, मागून सतरंज्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“मॅडम, जरा बाजूला व्हा ना,” ठोंबरे साहेब म्हणाले. ते आता खुशीत होते. “सामान आत ठेवून कुलूप लावायचंय. तुम्हाला आपली मुलं खाली सोडतील. आता तर मुलीही गेल्या, कुणी बघायला नाही. काय?”

मी तोंड उघडलं, पण ताईंनी हातानेच मला थांबवलं.

“कुलूप नाहीये,” त्या म्हणाल्या.

“नाहीये कसं? ढमाले!”

ढमाले मुलांमागून पुढे आले आणि त्यांनी ताईंच्या मांडीकडे पाहिलं. तिथे ना कुलूप होतं, ना किल्ली. मांडीवर पर्स होती आणि पर्सची चेन लावलेली होती. ढमाल्यांनी ती नीट पाहिली, मग छताकडे पाहिलं.

“नाहीये साहेब.”

“म्हणजे काय? आता तर—”

लिफ्टची घंटी वाजली. खालून कुणीतरी बटण दाबल्यावर लिफ्ट खाली कधी गेली होती ते आमच्यातल्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दार उघडलं, आणि गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक आजी सुनेचा हात धरून बाहेर आल्या. मागून बाबागाडी ढकलत एक बाप. आजींच्या सुनेच्या फोनमधून माझा आवाज म्हणाला, “आपण पहिल्या मजल्यावर आहात.”

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. “घ्या! लोक वापरायलासुद्धा लागले!”

कालिंदीताईंनी खुर्ची वळवून लिफ्टच्या दारात घेतली. समोर खुर्च्यांची चळत होती आणि तिच्यापाशी ती चार दणकट मुलं, काय करावं ते न कळून उभी.

“ठोंबरे साहेब,” ताई म्हणाल्या, “मुलं मोकळीच आहेत ना? मग त्यांना सांगा, ह्या खुर्च्या उचलून जिन्याने खाली न्या. अलगद न्या, धक्का म्हणून लागू देऊ नका.”

मघाशी फिस्सकन हसलेल्या मुलाने पुढे होऊन पहिली चळत खांद्यावर घेतली. मग बाकीच्या तिघांनी आपापली उचलली, आणि एकामागून एक ती मुलं जिना उतरायला लागली.